दीड पोळीची मात्रा

औषध घेताना माणूस तोंड वाकडं करतो आणि पोळी खाताना करत नाही, असा एक सर्वसाधारण समज आहे. गिरिजा बिराजदार रोज दुपारी पद्मा बोल्लीच्या स्वयंपाकघरात बसून दीड पोळी खायची, तेव्हा तिचा चेहरा कुणी पाहिला असता तर हा समज टिकला नसता.

पद्मा समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. मधे जिन्याची मोकळी जागा, आणि तिच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन दारं. पोळीच्या बदल्यात पद्मा काही मागत नसे. ती फक्त विचारत असे.

"मग आज काय म्हणाल्या सासूबाई?"

"काही नाही."

"काही नाही असं म्हणाल्या, की काहीच म्हणाल्या नाहीत? दोन्हीत फरक आहे की वैनी."

गिरिजा घास मोडायची, वरणात बुडवायची, गिळायची. एका पोळीला एक बातमी आणि वरच्या अर्ध्या पोळीला त्या बातमीचा खुलासा, असा दर दोघींमध्ये न बोलता ठरून गेला होता. पद्मा दरात घासाघीस करत नसे, पण मालात खोट असली तर तिला लगेच कळायचं.

गिरिजाच्या डाव्या काखेजवळ नखाएवढी एक टिकली चिकटवलेली होती. डॉक्टरांच्या कागदावर तिचं नाव लांबलचक होतं. बायका तिला दुधाची टिकली म्हणत. खाल्लेल्या गव्हाचे सूक्ष्म अंश दुधात उतरले, की टिकली ते ओळखायची आणि फोनवर हिरवा ठिपका उमटायचा. ठिपका गिरिजाच्या फोनवर उमटायचा तसाच नवऱ्याच्या, सासूच्या, डॉक्टरांच्या आणि पुण्यातल्या नणंदेच्या फोनवरही उमटायचा. नणंदेनं तो हौसेनं मागून घेतला होता. लोक दुसऱ्यांच्या बाळांचे फोटो बघतात; ही दूध बघायची.

पोळी संपली की चुळा, मग कोपरापर्यंत हात, मग अंगातला पद्माकडचा गाऊन खुंटीला लावून स्वतःची साडी. एवढं झालं की गिरिजा स्वतःच्या घरात जायला पात्र व्हायची.

घरात गहू नव्हता. गिरिजाची मोठी मुलगी शर्वरी अडीच वर्षांची असताना तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि हातपाय काड्या झाले. सोलापुरातल्या तीन डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, चौथ्यानं रक्त तपासलं. निदान निघालं सिलियाक. गव्हातलं ग्लुटेन तिच्या आतड्याला चालत नव्हतं; पोळीचा चुरासुद्धा नाही. त्या दिवशी गिरिजाच्या सासूबाई, महानंदाबाई, रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मग त्यात काय? आपण भाकरीची माणसं." आणि त्यांनी खरंच घर धुऊन काढलं. बाहेरच्या गिरणीत ज्वारी गव्हाच्या पाठोपाठ दळतात म्हणून घरघंटी आणली. बाजारच्या हिंगात कणीक मिसळतात हे कळल्यावर खड्याचा हिंग शोधून आणला. चार वर्षं शर्वरीची रोज सकाळची लघवीची पट्टी पांढरीशुभ्र निघत होती. पोटात गव्हाचा कण गेला असता तर ती गुलाबी झाली असती. ती पांढरी पट्टी हा महानंदाबाईंचा मानाचा फेटा होता, आणि तो त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत.

मग ईशानची चाहूल लागली, आणि घराला विज्ञानाची गरज पडली.

आपल्या आतड्याच्या भिंतीत पहारेकरी पेशी असतात. कोण आपला, कोण परका, हे त्या ठरवतात. सिलियाकच्या मुलांमध्ये हे पहारेकरी ग्लुटेनच्या एका तुकड्याला चोर समजतात, आणि चोराला मारण्याच्या नादात घराचीच भिंत पाडतात. आईनं गरोदरपणी, अंगावर पाजताना गहू खाल्ला किंवा टाळला तर बाळाला फरक पडतो का, याचा शोध डॉक्टर कित्येक वर्षं घेत होते आणि धड उत्तर मिळत नव्हतं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की चूक प्रश्नात होती. किती खाल्लं याला महत्त्व नव्हतं. किती नेमानं खाल्लं याला होतं. रोज तेवढाच अंश, आधी नाळेतून आणि मग दुधातून, आईच्याच सोबतीनं येत राहिला, तर बाळाचे पहारेकरी त्याला ओळखू लागतात. सोसायटीचा वॉचमन घरमालकिणीबरोबर रोज येणाऱ्या बाईला अडवत नाही, तसं. हे शिकणं सहाव्या महिन्यात सुरू होतं आणि मूल नऊ महिन्यांचं झालं की संपतं. डॉक्टर याला खिडकी म्हणत.

खिडकीला एक गज होता. मधेच नेम मोडला तर अर्धवट शिकलेला पहारेकरी अडाण्यापेक्षा घातक ठरायचा. चार दिवस मालकिणीबरोबर आलेली बाई अचानक गायब झाली आणि महिन्यानं एकटीच दारात उभी राहिली, तर वॉचमन तिला नुसतं अडवत नाही, पोलीस बोलावतो.

शर्वरीला आहे म्हणजे भावंडाला धोका मोठा. तेव्हा आपण हे करायचं, असं सगळ्यांनी ठरवलं. 'आपण' हा शब्द घरात फार उदार असतो. ठरवताना त्यात सगळे मावतात, करताना एकच माणूस उरतं.

नावनोंदणीच्या दिवशी डॉक्टर केतकी सबनीस यांनी गिरिजाला पहिल्या बाळंतपणाचं विचारलं. तेव्हा काय खात होतात? गिरिजानं सांगितलं, की उलट्यांमुळे तेव्हा गव्हाचा वास सोसत नव्हता. पूर्ण नऊ महिने आणि पुढं पाजेपर्यंत सासूबाईंच्या हातची भाकरी आणि भात. डॉक्टरांच्या यंत्रानं, कुणी मागितलं नसताना, हिशेब केला: नेमानं गहू खाल्ला असता तर शर्वरी या आजारातून बहुधा वाचली असती. डॉक्टर म्हणाल्या, "हे मनाला लावून घेऊ नका, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं." गिरिजाच्या शेजारच्या खुर्चीत महानंदाबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर नीट केला आणि घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत ही गोष्ट नोंद घेण्यासारखी होती.

ईशान तीन महिन्यांचा झाला आणि एका सकाळी शर्वरीची पट्टी गुलाबी निघाली.

दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी शिवानंदनं पट्ट्या ओळीनं मांडून त्यांचे फोटो काढले. हा गिरिजाचा नवरा टॉवेलच्या कारखान्यात तपासनीस होता. धागा सुटलेला टॉवेल दिसला की तो टॉवेलला दोष देत नसे; कोणत्या मागावरून आला ते शोधायचा. घरात गहू खाणारं माणूस एकच होतं, म्हणजे माग सापडायला वेळ लागला नाही.

"मी तुला काही म्हणत नाही," तो म्हणाला.

"म्हणतोयस की."

"नाही गं. फक्त शर्वरीचे मुके घेऊ नको काही दिवस."

काही दिवसांनी पट्टी गुलाबीच होती, म्हणून शेजारी झोपणं बंद झालं. मग वेणी घालणं. मग गिरिजा आणि बाळ बाहेरच्या खोलीत आले, आणि शर्वरी आज्जीजवळ आतल्या खोलीत. ताटं वेगळी, टॉवेल वेगळे. शिवानंद प्रत्येक नवा नियम इतक्या मऊ आवाजात सांगायचा, की त्याच्याशी भांडायला धरायला जागाच नसायची.

सात वर्षांची शर्वरी बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहायची.

"पोळी खाऊन आलीस?"

"हो."

"बाळासाठी?"

"हो."

"मग माझ्या वेळी का नाही खाल्लीस?"

आत परातीत भाकरी थापण्याचा आवाज चालू होता. तो थांबला. गिरिजा म्हणाली, "तेव्हा माहीत नव्हतं गं." आवाज पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला.

शर्वरीचं वजन थांबलं. मग दोनदा पोट बिघडलं. शाळेच्या कवायतीत ती चक्कर येऊन खाली बसली, तेव्हा गिरिजानं डॉक्टर सबनीसांना फोन लावला.

"मला हे थांबवायचंय."

"थांबवू शकता. कुणाची जबरदस्ती नाही," पडद्यावर डॉक्टर म्हणाल्या. "फक्त आता थांबलात, तर काहीच न करता ईशानला जेवढा धोका होता त्याच्या दुप्पट होईल."

"म्हणजे थांबवू शकत नाही."

"असं मी म्हटलेलं नाही."

"आणि शर्वरी?"

"तिची पट्टी महिन्याभरात पांढरी झाली नाही तर दुर्बीण घालून आतडं बघावं लागेल. तुम्ही स्वच्छता अजून कडक करा. कुठूनतरी जातंय तिच्या पोटात."

एकाच्या पोटात नेमानं जायला हवं, दुसरीच्या पोटात कणभरही जायला नको, आणि दोन्ही पोटांच्या मधे गिरिजा. त्या दिवशी तिनं पद्माकडे अर्धीच पोळी खाल्ली. संध्याकाळी ठिपका पिवळा झाला. शिवानंदचा कारखान्यातून फोन आला, दवाखान्यातून आला, आणि मग पुण्याहून नणंदेचा. "वैनी, बरं वाटत नाहीये का? नाही, पिवळं दिसलं म्हणून विचारलं." दुसऱ्या दिवशी गिरिजानं पुरती दीड पोळी खाल्ली. स्वतःच्या अंगात काय चाललंय ते लपवण्याची सोय तिच्याकडे उरली नव्हती.

पुढच्या शनिवारी शर्वरीची शाळा सकाळची होती, आणि दुपारी सासूबाई तिला रोजच्यासारखं खाली खेळायला म्हणून घेऊन गेल्या होत्या. ईशान नेमका दुपारभर कुरकुरत राहिला, आणि गिरिजाची पोळीची वेळ टळून गेली. त्याचा डोळा लागल्यावर त्याला खांद्यावर टाकून ती समोर गेली. दार लोटलेलंच होतं.

पद्माच्या स्वयंपाकघरात, गिरिजाच्या नेहमीच्या जागी शर्वरी बसली होती. समोर महानंदाबाई. हातात वाटी. वाटीत हुग्गी, म्हणजे गूळ-खोबरं घालून आटवलेली खपली गव्हाची खीर, वर तुपाचा थेंब. चमचा शर्वरीच्या तोंडाशी होता.

"ओरडू नको," महानंदाबाई पहिल्यांदा बोलल्या. "पोर झोपलंय खांद्यावर."

गिरिजा ओरडली नाही. तिनं चमच्याकडे बोट केलं.

"खपली आहे," सासूबाई म्हणाल्या. "साधा गहू नाही."

"आई, खपली गहूच आहे."

"खपलीला गहू म्हणू नको. आपल्या मळ्यातली आहे. साखरेच्या आजाराला देतात, बाळंतिणीला देतात, आजाऱ्याला पथ्य म्हणून देतात."

"सगळ्यांना देतात. हिला नाही चालत. त्यातही तेच असतं."

"तू बाळाला शिकवतीस ना थोडं थोडं देऊन? मग हिनं काय पाप केलंय?" महानंदाबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "हिला माझ्या भाकरीनं शिकू दिलं नाही. त्या मशीननं सांगितलं, मी होते तिथं. मग मीच शिकवायला नको? अर्ध्या चमच्यापासून सुरू केलं. दोन चमच्यांवर आलेय. एक दिवस चुकवला नाही. नेम महत्त्वाचा, तुझी डॉक्टरीणच म्हणाली. आणि घरात शिजवत नाही मी. आपल्या स्वयंपाकघरात कण आणला नाही."

शेवटचं वाक्य त्या थोड्या अभिमानानं बोलल्या.

पद्मा ओट्याला टेकून उभी होती. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे वैनी," ती म्हणाली. एवढे दिवस दोन्ही बाजूंच्या बातम्या तिच्याकडे जमा होत होत्या आणि ही एक मधल्या मधे राहिली होती. आज पहिल्यांदाच तिच्याकडे विचारायला प्रश्न नव्हता.

"आई," शर्वरी म्हणाली, "दहा चमचे झाले की मी शिकलेली होणार. मग तू माझ्याजवळ झोपशील. पोट दुखतं, पण मी सांगत नाही."

गिरिजा खाली बसली. खांद्यावरचं मूल जड झालं होतं. तिला सासूबाईंचा राग यायला हवा होता आणि आलाही. पण रागाच्या पाठोपाठ दुसरा एक विचार दारात येऊन उभा राहिला, आणि तो रागापेक्षा थंड होता. शिवानंदला हे कळलं, तर तो मऊ आवाजात आईला पुण्याला बहिणीकडे पाठवेल. मग गिरिजा इकडे पोळी खात असताना, चुळा भरत असताना, बाळाला पाजत असताना शर्वरीला जेवू कोण घालणार? पाळणाघरात पाव, शेजारी पोळ्या. साऱ्या शहरात गव्हाच्या कणावर नजर ठेवू शकेल असं एकच माणूस तिला माहीत होतं, आणि ते समोर वाटी धरून बसलं होतं. चोर तीच, राखणदारही तीच.

"वाटी ठेवा," गिरिजा म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही. पण हिला तुम्ही सांगायचं. आत्ता."

महानंदाबाईंनी वाटी ठेवली. नातीच्या ओठावरचं तूप पदरानं पुसलं, पुन्हा पुसलं. शेवटी गिरिजाच बोलली.

"शरू, आज्जीची चूक झाली. मोठ्या मुलीला असं शिकवता येत नाही. ते फक्त पोटात असताना आणि दुधावर असताना जमतं."

"मग माझं?"

"तुझं आता जमणार नाही."

"कधीच?"

"कधीच."

शर्वरीनं हिशेब केल्यासारखी बोटं हलवली. "मग एवढे दिवस मी उगाच खाल्लं."

"हो."

"गोड होतं," ती आज्जीला म्हणाली. कदाचित समजूत घालण्यासाठी. महानंदाबाई उठून नळाकडे गेल्या आणि वाटी घासत राहिल्या. वाटी केव्हाच स्वच्छ झाली होती.

संध्याकाळी शिवानंद घरी आल्यावर गिरिजा बाहेरच्या खोलीतून म्हणाली, "सापडलं कुठून जात होतं ते. मी केस बांधत नव्हते पोळी खाताना. तसेच मोकळे घेऊन घरात येत होते."

ही फारशी पटण्याजोगी गोष्ट नव्हती. पण तपासनिसाला दोष सापडल्याचा आनंद असा असतो, की तो पुढं बघत नाही. शिवानंदचा चेहरा सैल पडला. "बघ, मी म्हणत नव्हतो काही. चुकतं माणसाचं. आता टोपी घालत जा, ती स्वयंपाकी घालतात तसली." त्यानं लगेच बहिणीला कळवलं. बहिणीनं लगेच टोप्यांचे सहा नमुने पाठवले.

महानंदाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "शिवा," त्या म्हणाल्या, "अरे, ते केसांचं नव्हे—"

"आई," गिरिजा म्हणाली, "तव्यावरची भाकरी बघा. करपेल."

तव्यावर भाकरी नव्हती. तवा अजून तापायचा होता. महानंदाबाई आत गेल्या, आणि रिकाम्या तव्यासमोर उभ्या राहिल्या.

आठवडाभरात पट्टी फिकी झाली, मग पांढरी. पट्टी पांढरी झाली तशी गिरिजाची चूक पुरती सिद्ध झाली. डॉक्टर सबनीस म्हणाल्या, छान, आता हीच शिस्त ठेवा. नणंद म्हणाली, टोपीनं काम केलं बघा. शिवानंद म्हणाला, जे चाललंय ते खिडकी बंद होईपर्यंत असंच चालू द्यावं, उगाच धोका कशाला. बाहेरची खोली, वेगळी ताटं, झोपायला आज्जी. आपल्या निर्दोषपणाचा पुरावा गिरिजाजवळ होता आणि तो स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होता. खिडकी बंद व्हायला अजून बरेच महिने होते.

तेव्हापासून महानंदाबाई सुनेशी फार जपून बोलू लागल्या. हे भांडणापेक्षा अवघड गेलं. पूर्वी त्यांच्याशी वाद घालता यायचा.

एका रविवारी दुपारी गिरिजा टोपी घालून पद्माकडे जेवायला बसली. पोळ्या लाटून झाल्या होत्या, ओटा पुसला होता, आणि उकडत होतं म्हणून दार सताड उघडं होतं. पद्मानं हल्ली विचारणं सोडलं होतं. ती ताट वाढायची आणि दुसरीकडे बघायची.

समोरचं दार उघडलं. शर्वरी पाट ओढत आली. तो तिनं आपल्या उंबऱ्याच्या आत टेकवला, मग आत जाऊन ताटली आणली. ताटलीत भाकरी, शेंगाचटणी, दह्याचा गोळा. तिच्या मागं महानंदाबाई ईशानला कडेवर घेऊन येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नातीला आत बोलावलं नाही.

"इथं चालेल ना?" शर्वरीनं विचारलं. "मी जिन्यात पाय ठेवणार नाही."

गिरिजानं अंतर बघितलं. मधे पूर्ण जिना होता. "चालेल," ती म्हणाली.

शर्वरी मांडी घालून बसली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, आईनं पोळीचा मोडला. सवयीनं गिरिजाचा हात भराभर चालत होता. मात्रा घ्यायची, चुळा भरायच्या, मोकळं व्हायचं. ताटात शेवटची अर्धी पोळी उरली होती.

"आई, सावकाश खा की," समोरून शर्वरी म्हणाली, तोंडात घास तसाच ठेवून. "माझी अजून खूप आहे."

गिरिजानं हातातला घास ताटात परत ठेवला, आणि त्याचे दोन केले.